मुलं झाली किती, हयात किती

१९९१ च्या फेब्रुवारीत मी पेणच्या खारेपाटात घरोघर जनगणनेचं काम करत होतो. प्राथमिक शिक्षकाच्या वाट्याला ही कामं येतातच. शाळा सुटली की पिशवीत फॉर्म घालायचे आणि बांधाबांधानं चालत सुटायचं. घरात माणसं किती, वय काय, शिकलंय कोण, पोटापाण्याला काय करता, असे प्रश्न. पुरुष माणसं ओटीवर बसून पटापट उत्तरं द्यायची. पण लग्न झालेल्या बायकांसाठी त्या फॉर्मात दोन वेगळे रकाने होते. आजवर जिवंत जन्माला आलेली मुलं किती ते एकात लिहायचं, आणि त्यांतली आज हयात किती ते दुसऱ्यात.

नवऱ्याला विचारलं की तो म्हणायचा, "चार. लिवा चार." आणि दाराआडून बाईचा आवाज यायचा, "पाच."

मग थोडा वेळ कुणीच बोलायचं नाही. मी पहिल्या रकान्यात पाच लिहायचो, दुसऱ्यात चार. काही घरांत सात आणि चार होते. एका म्हातारीनं नऊ आणि तीन सांगितले. माझं लिहून झालं तशी ती म्हणाली, "मास्तर, गेल्यांची नावं नाय लिवत?" मी म्हटलं, "नाही आजी, नावाला जागा नाही." तिनं मान हलवली. पण मी उठेपर्यंत तिनं सहाही नावं एकेक करून सांगितली. कोण कसल्या तापानं गेलं, कोण भरतीच्या पाण्यात गेलं, हेही सांगितलं. मी बसून ऐकलं. त्या दिवशी माझी तीन घरं राहून गेली.

त्याच आठवड्यात आमच्या पेणच्या भाड्याच्या खोलीवर दुसरे एक गुरुजी फॉर्म घेऊन आले. माझी आई तेव्हा माझ्याकडेच असायची. गुरुजींनी तिच्या नावापुढचे दोन रकाने विचारले आणि मी चहाचा कप त्यांच्या पुढ्यात ठेवत म्हणालो, "मुलं दोन. दोन्ही हयात."

आतून आई म्हणाली, "तीन."

मला जे लिहायचं आहे ते या 'तीन'बद्दल आहे.

आमचं मूळ घर रोह्याच्या बाजूला, कुंडलिकेच्या खोऱ्यावरच्या डोंगरात. धनगरवाडा, सात-आठ घरांचा. कारवीच्या कुडाच्या, शेणानं सारवलेल्या भिंती, वर गवताचं छप्पर, आणि एकाच छपराखाली अर्ध्यात आम्ही व अर्ध्यात म्हशी. रात्री त्यांचं रवंथ करणं ऐकत झोप लागायची. डोंगरावरून दूध खाली नेईपर्यंत नासायचं, म्हणून आई दही लावायची, घुसळायची आणि लोणी कढवून तूप करायची. बाबा ते डोक्यावर घेऊन रोह्याच्या बाजारात उतरायचे. वैशाखात एकदा ते पेणकडे जाऊन मिठागरावरचं मीठ पोत्यानं आणायचे. त्यातलं थोडं माणसांना, बाकी गुरांना. ते पोतं दाराशेजारच्या कोपऱ्यात लाकडाच्या ओंडक्यावर ठेवलेलं असायचं. पावसाळ्यात त्यातून खारट पाणी ठिबकायचं.

घरात मी थोरला, माझ्यापाठचा भाऊ, आणि शेंडेफळ बहीण. तिला सगळे 'बाय' म्हणायचे. कागदावर तिचं नाव कधी चढलंच नाही, कारण शाळेत जाण्याएवढी ती झाली नाही.

बाय चार वर्षांची होती तेव्हा मोरी नावाची आमची म्हैस व्याली आणि पारडी झाली. बायनं तिचं नाव चिंगी ठेवलं. आमच्याकडे म्हशींना भोरी, मोरी, चांदी अशी नावं. 'चिंगी' हे कुणाला पसंत नव्हतं. आजी म्हणायची, "चिंगी काय म्हशीचं नाव झालं?" पण पारडी त्याच हाकेला कान टवकारायला लागली, मग कुणाचं काही चाललं नाही.

पाऊस लागल्यावर चिंगीला हगवण लागली. पारडू हगायला लागलं की दोन दिवसांत पाय टाकतं, हे गुरं राखणाऱ्याला सांगायला लागत नाही. बाबांनी भाताची पातळ पेज केली, पोत्यातलं चिमूटभर मीठ तिच्यात टाकलं आणि बांबूच्या नळकांड्यातून तिला पाजली. दिवसातून पाच-सहा वेळा पाजली. बाय भांडं धरून बसायची. चौथ्या दिवशी चिंगी आपल्या पायांवर उभी राहिली.

साल १९७४. त्याच श्रावणात बायला जुलाब-उलट्या सुरू झाल्या.

मी अकरा वर्षांचा होतो. ओढा भरला होता, खालच्या गावातल्या शाळेत जायची वाट बंद होती, म्हणून घरीच होतो. बाबा पलीकडच्या डोंगरावर झाडपाला देणाऱ्याला आणायला गेले. आई म्हशींकडे होती. म्हशींना काही कुणाच्या आजारपणाची सुट्टी नसते. आजीनं सांगून ठेवलं होतं, "तिला पानी देव नको. पानी दिलं का आजून व्हतंय." हे फक्त आजीचं म्हणणं नव्हतं. आमच्या वाड्यावर सगळे हेच करायचे. खालच्या गावातही हेच करायचे. मला बायजवळ बसवलं आणि लक्ष ठेवायला सांगितलं.

ती म्हणाली, "दादा, पानी."

मी म्हटलं, "नाही द्यायचं. आजी ओरडेल."

थोड्या वेळानं पुन्हा म्हणाली. तिसऱ्यांदा म्हणाली तेव्हा तिची नजर तांब्यावर होती. मला ते बघवेना. मी उठलो आणि तांब्या तिला दिसणार नाही असा उतरंडीच्या मागे ठेवला. त्यानंतर तिनं मागितलं नाही. मला वाटलं, तिला जरा बरं वाटतंय.

पहाटे बाबांनी तिला घोंगडीत गुंडाळलं आणि दवाखान्यात न्यायला निघाले. ओढ्यापर्यंत गेले आणि परत आले. ते परत येताना दिसले तेव्हाच आईनं ओळखलं.

लहान मुलाला जाळत नाहीत, पुरतात. तेरावं नाही, पिंड नाही, पानावर नाव घेऊन घास काढणं नाही. जुन्या शास्त्रातही दोन वर्षांच्या आतल्या मुलाला अग्नी आणि पाणी देऊ नये असं आहे. चाली पाळणाऱ्यांनी ते वय आपापल्या सोयीनं वाढवलं. वाड्याच्या वरच्या अंगाला एका जांभळीखाली बाबांनी खड्डा काढला, वाटीभर दूध ओतलं आणि जनावरानं उकरू नये म्हणून वर दगड रचले. आजी आईला म्हणाली, "आता तिचं नाव काढू नको. नाव काढलं का तिचा पाय आडकतो." आजीच्या मनात वाईट काही नव्हतं. तिची स्वतःची चार गेली होती. कुणीतरी तिलाही हेच सांगितलं असणार.

पुढे आमच्या घरात बायचं नाव निघालं नाही. पुढल्या वर्षी बाबा चिंगीला विकायला निघाले तेव्हा आई गोठ्याच्या दारात उभी राहिली. एवढंच म्हणाली, "ही जानार न्हाय." आई बाबांच्या शब्दाबाहेर गेलेली मी तेवढीच पाहिली. चिंगी राहिली, मोठी झाली, व्याली. तिला पारडी झाली तर आईनं तिचंही नाव चिंगीच ठेवलं. रोज तिन्हीसांजेला आई उतारावर उभी राहून हाक मारायची, "चिंगेऽऽ, ये गं." लेकीचं नाव घ्यायला बंदी होती. लेकीनं ठेवलेलं नाव घ्यायला नव्हती. हे मला फार उशिरा समजलं.

मी पुढे रोह्याला नातेवाइकांकडे राहून शिकलो, शिक्षक झालो आणि पेण तालुक्यातल्या खारेपाटातल्या शाळेवर रुजू झालो. तिथे मिठाला तोटा नाही. जमीन खारी, हवा खारी, खाडीचा बांध फुटला की भातशेतही खारं. तोटा गोड्या पाण्याचा. उन्हाळ्यात बायका हंडे घेऊन टँकरच्या वाटेकडे डोळे लावून बसायच्या. १९८५ च्या सुमारास आरोग्य खात्याची एक ताई शाळेत आली आणि जुलाब झालेल्या मुलाला काय द्यायचं ते समजावून गेली. दुसऱ्या दिवशी मी ते मुलांसाठी फळ्यावर लिहायला घेतलं. एक लिटर स्वच्छ पाणी. सहा सपाट चमचे साखर. अर्धा चमचा मीठ. जुलाब चालू असतानाही पाणी बंद करू नये.

शेवटचं वाक्य लिहिताना माझा हात थांबला. मुलं वाट बघत होती. मी ते वाक्य पुरं केलं, वर्गाला पाढे म्हणायला लावले आणि बाहेर जाऊन उभा राहिलो.

नंतर मी त्याबद्दल वाचलं. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत पटकीची साथ आली आणि शिरेतून द्यायचं सलाईन संपलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, साखर आणि सोडा पाण्यात घालून ते पाणी पाजायला सुरुवात केली. घरच्या माणसांच्याच हातांनी पाजायला लावलं. हजारो माणसं वाचली. १९७१. आणि आमची बाय १९७४ ची. तीन वर्षांत ते ज्ञान आमचा डोंगर चढलं नव्हतं.

पण 'ज्ञान पोचलं नव्हतं' असं म्हणून मला सुटता येत नाही, कारण ते आमच्या गोठ्यात होतं. चिंगीला पाजलेली मिठाची पेज म्हणजे दुसरं काय होतं? पाणी, मीठ आणि भाताचा कस. तेच औषध, त्याच पावसाळ्यात, त्याच हातांनी, कुडाच्या एका बाजूला दिलं गेलं आणि दुसऱ्या बाजूला नाही. जनावराला काय झालंय ते आम्ही डोळ्यांनी बघायचो आणि त्याला काय लागतं ते द्यायचो. लेकराला मात्र माणसाचे नियम लावले. मला अजूनही वाटतं, बाबांनी तिला क्षणभर पारडी समजायला हवं होतं.

न कळून केलेली चूक ही चूक असते का, हा प्रश्न मी पुष्कळ वर्षं मनात घोळवला. अकरा वर्षांच्या पोराला दोष देता येणार नाही, हे मला कुणी सांगायची गरज नाही. माझ्या वर्गातल्या मुलाकडून असं झालं असतं तर मीच त्याला जवळ घेऊन सांगितलं असतं, "बाळा, तुझा दोष नाही." तरीही तांब्या उतरंडीमागे ठेवणारा हात माझा होता. दोष नाही आणि हात माझा होता, ही दोन्ही वाक्यं खरी आहेत. एक दुसऱ्याला खोडत नाही. ती जनगणनेच्या दोन रकान्यांसारखी शेजारी शेजारी राहतात.

या प्रश्नात मी इतका गुंतून पडलो की दुसरा प्रश्न मला दिसलाच नाही. तो आईच्या 'तीन'नं दाखवला.

गुरुजी चहा पिऊन गेले. रात्री जेवणं झाल्यावर मी आईजवळ बसलो आणि सतरा वर्षं पोटात ठेवलेलं सांगितलं. तिनं पाणी मागितलं, मी दिलं नाही, तांब्या लपवला.

आई म्हणाली, "मला ठावं हाय. मी धार काढून आली तवा ती बोलली मला. आये, दादानं तांब्या लपवला."

मी काही बोलू शकलो नाही. मग ती म्हणाली, "मी तरी कुठं दिलं? मी आय हुती तिची."

तिनं मला माफ केलं असं मी म्हणणार नाही. मीही तिला केलं नाही. दोघांनी दिलं नव्हतं, एवढंच त्या रात्री आमच्यामध्ये ठेवलं गेलं. थोड्या वेळानं तिनं जे विचारलं ते मात्र मला अगदी अनपेक्षित होतं. ती म्हणाली, "तुला तिचा आवाज आठवतो का रं? माझ्या ध्यानातनं गेला. लई वरसं झाली, कुनी बोललंच न्हाय."

मला आठवत होता. तिचा आवाज जरा घोगरा होता, आणि 'चिंगी' म्हणताना ती शेवटचा 'गी' लांबवायची. मी ते आईला म्हणून दाखवलं. आई हसली, मग रडली, मग पुन्हा म्हणून दाखव म्हणाली.

त्या रात्री मला समजलं की मी गप्प बसत होतो ते आईला दुःख होऊ नये म्हणून नव्हे. बायचा विषय निघाला असता तर तांब्याचा विषय निघाला असता, म्हणून मी गप्प होतो. आणि माझ्या या भीतीपायी सतरा वर्षं मी आईजवळून तिची लेक काढून घेतली होती. बायचा आवाज माझ्याकडे होता आणि मी तोही उतरंडीमागे ठेवला होता. १९७४ साली मला कळत नव्हतं. नंतरच्या वर्षांत कळत होतं. दोष द्यायचाच तर तो इथे आहे.

किसा गोतमीची गोष्ट शाळेत आपण सगळेच शिकलो. मेलेलं मूल कडेवर घेऊन ती औषध मागत फिरते. बुद्ध तिला सांगतात, ज्या घरात कुणी मेलं नाही त्या घरातून मोहरी आण. तशी मोहरी कुठेच मिळत नाही, आणि मरण सगळ्यांना आहे हे तिला उमगतं. मीही मुलांना गोष्टीचं तात्पर्य हेच सांगत आलो. खारेपाटात फॉर्म घेऊन हिंडल्यावर मला ती गोष्ट वेगळी दिसायला लागली. 'मरण सगळ्यांना आहे' हे सांगायला बुद्धांना एक वाक्य पुरलं असतं. त्यासाठी बाईला दारोदार कशाला पाठवायचं? मला वाटतं, प्रत्येक दारात कुणीतरी तिला आपलं गेलेलं माणूस सांगितलं असणार. नाव घेऊन सांगितलं असणार. मूल कडेवरून खाली ठेवायचं बळ तिला त्या बोलण्यातून आलं असेल.

आणखी एक मोह मला सांगितला पाहिजे, कारण मी त्यात बरीच वर्षं होतो. कल्याणच्या आनंदीबाई जोशी चौदाव्या वर्षी आई झाल्या आणि त्यांचं मूल दहा दिवसांत गेलं. त्या पुढे अमेरिकेत शिकून १८८६ साली डॉक्टर झाल्या. आपण ही हकिगत सांगताना 'त्या मुलाच्या मृत्यूनं त्यांना डॉक्टर केलं' असं म्हणतो आणि बरं वाटून घेतो. जणू ते मूल तेवढ्याच कामासाठी आलं होतं. मीही असंच म्हणायचो. बाय गेली म्हणून मी गावोगाव मीठ-साखरेचं पाणी शिकवलं, किती पोरं त्यानं वाचली असतील, वगैरे. ते शिकवणं चांगलंच होतं. पण त्याची बायच्या नावावर जमा धरायची नाही, हे मी आता ठरवलं आहे. ती कुणाला धडा द्यायला जन्मली नव्हती. ती चार वर्षं जगली, चिंगीचं भांडं धरून बसली, 'गी' लांबवून हाक मारत राहिली. तिच्या आयुष्याचा अर्थ विचाराल तर तो त्या चार वर्षांतच आहे, पुढे काय झालं त्यात नाही.

बाबासाहेब आंबेडकरांच्या पाच मुलांपैकी चार गेली. शेवटचा राजरत्न, जुलै १९२६ मध्ये. त्या दुःखात त्यांनी एका स्नेह्याला पत्र लिहिलं. ते पत्र वाचताना तो लाडका मुलगा आपल्यालाही ओळखीचा होतो. त्यानंतर आठ महिन्यांनी, आमच्याच जिल्ह्यात, महाडला त्यांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. या दोन गोष्टींची सांगड मी घालणार नाही. एवढंच म्हणतो की एवढी कामं डोक्यावर असलेल्या माणसानंही आपल्या लेकराबद्दल लिहायला वेळ काढला. मग आमच्यासारख्यांना कामाचं निमित्त सांगता येत नाही.

आई २००९ साली गेली. त्या रात्रीनंतरच्या अठरा वर्षांत आम्ही बायबद्दल पुष्कळ बोललो. कुणी मुलं किती विचारलं की ती 'तीन' म्हणायची, आणि ऐकणारा हिशेब जुळवत बसला की त्याला चिंगीची गोष्ट सांगायची. मी मधे बोलायचो नाही.

गेल्या पावसाळ्यानंतर मी नातीला घेऊन वाड्यावर गेलो. घरं पडली आहेत, माणसं खाली उतरली आहेत. जांभूळ उभी आहे. दगड विखुरले आहेत, कुठले तेव्हाचे आणि कुठले डोंगरातून आलेले हे आता ओळखू येत नाही. नातीला मी म्हटलं, "इथे तुझी एक आजी आहे. माझी बहीण. चार वर्षांची."

ती हसायला लागली. "चार वर्षांची आजी?"

"हो. तुझ्यापेक्षा लहान."

मग तिनं विचारलं, "ती कशी होती?" मी तिला घोगरा आवाज सांगितला, मोरी सांगितली, चिंगी सांगितली. उतारावर उभं राहून तिनं हाक मारून पाहिली, 'गी' लांबवून. पलीकडच्या डोंगरावरून ती थोडी परत आली.

तांब्याचं मी तिला अजून सांगितलेलं नाही. ती अकरा वर्षांची झाली की सांगणार आहे.